शेपटीला राहून शिकलेली ग्रुप राइड

आमच्या बाइक क्लबाच्या राइडमध्ये मी नेहमी सर्वांत शेवटी असतो, त्यामुळे पुढच्यांच्या चुका फुकटात बघायला मिळतात.

निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासा. पेट्रोलचे थांबे सर्वांत लहान टाकीच्या हिशेबाने ठरवा. नवख्याला लीडरच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवलं तर रांग रबरासारखी ताणते आणि तो बिचारा गाठायच्या नादात झेपेल त्याहून जोरात पळवतो. असाच एक जण माझ्यासमोर वळणावरच्या खडीत घसरला. गुडघ्यावर निभावलं.

सरळ रस्त्यावर रांग नागमोडी: एक डावीकडे, त्यामागचा उजवीकडे. तिरकस पुढे असलेल्या गाडीपासून १ सेकंदाचं अंतर, थेट समोरच्यापासून किमान २. रस्ता ओला असेल तर दुप्पट. वळणं किंवा अरुंद पूल आला की एकेरी. ओव्हरटेक ज्याचा त्याने बघून करायचा. पुढचा गेला म्हणून आपण घुसायचं नाही.

फाट्यावर लीडरच्या मागचा (तो नवखा असेल तर त्याच्या मागचा) थांबतो, बाकीच्यांना रस्ता दाखवतो आणि मी दिसलो की माझ्यापुढे निघतो. मी दिसेपर्यंत हलायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी!