रात्री अकराचा चिवडा

ऑफिसात बोलणी खाऊन आले की रात्री ११ वाजता माझा हात चिवड्याच्या डब्यात. पोट भरलेलं, तरी डबा अर्धा रिकामा. मग स्वतःलाच शिव्या, आणि त्यावर उतारा म्हणून संत्रा बर्फी! डाएट तीनदा केलं, तीनदा मोडलं.

१९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी सुरू केलेल्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे नीट लक्ष देण्याच्या, वर्गात एकच मनुका अगदी सावकाश खायला लावतात. नागपुरात मनुका कशाला? मी संत्र्याची फोड घेतली. वास घेतला, पांढऱ्या शिरा काढल्या, जिभेवर ठेवली. आधी हसूच आलं. चौथ्या फोडीला मात्र रडू फुटलं. माय वं, ही भूक नव्हतीच, दिवसभराचा अपमान होता!

आता डबा उघडण्याआधी विचारते, पोटात लागली की छातीत? छातीत असेल तर गच्चीवर चक्कर, नाहीतर ताईला फोन. तरी खावंसं वाटलंच तर वाटीत काढून, बसून खाते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला २०एक मिनिटं लागतात. डब्यातून बकाबका खाताना तेवढी उसंत कुठली?

सगळ्यात अवघड गेलं ते शिव्या बंद करणं. मैत्रिणीला जे बोलणार नाही, ते स्वतःलाही नाही. परवा रविवारी तर्री पोह्याच्या दोन प्लेटा झाल्या. झाल्या तर झाल्या, तर्री झणझणीत होती.