जुनी माइसेन कपबशी कशी पारखावी

जर्मनीतल्या माइसेन गावच्या कारखान्याची चिनी मातीची कपबशी हाती आली की बहुतेक जण ती आधी उलटी करतात. बुडावर कारखान्याचा शिक्का, म्हणजे निळ्या तलवारी दिसल्या की पाकीट बाहेर! माझं ऐकाल तर शिक्का सर्वांत शेवटी पाहा. नक्कल करायला सर्वांत सोपा तोच.

या मालाचा एवढा तोरा का? माइसेन ज्या सॅक्सनी राज्यात होतं, तिथला राज्यकर्ता ऑगस्टस याने सोनं करून दाखवण्याच्या बाता मारणाऱ्या ब्योटगरला डांबून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या जोडीने ब्योटगरला १७०८ मध्ये चिन्यांसारखं पांढरं, कठीण पोर्सिलेन, म्हणजे अस्सल चिनी माती साधली. १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यातच कारखाना निघाला, गुपित फुटू नये म्हणून. ते फुटलंच. दहा वर्षांच्या आत व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला.

तर आधी टिचकी. माठ घेताना मारतो तशी, पण नखाने आणि हलकेच. कप तळहातावर सैल ठेवा. आवाज खणखणीत आला तर पुढे जा; बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

मग आत मोबाइलचा टॉर्च धरा. पातळ जागी उजेड आरपार झिरपला पाहिजे. केसाएवढे तडे याच वेळी दिसतात. कानाचा सांधा नीट पाहा, कान तुटून चिकटवलेला असतो. चित्र भिंगाखाली धरा: सारख्या अंतरावरचे ठिपके म्हणजे छपाई, हातच्या रेषेत कुंचल्याचा दाब कमीजास्त होतो.

आता उलटी करा. एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी १७२० च्या दशकापासूनच्या. निळा रंग झिलईच्या खाली असतो, म्हणून तो बोटाला लागता कामा नये. मुठींमध्ये ठिपका असेल तर साधारण १७६३ ते १७७४, तारा असेल तर १७७४ ते १८१४. ठिपका टोकांमध्ये असेल तर मात्र १९२४ ते १९३४! एका ठिपक्याच्या जागेने दीडशे वर्षांचा फरक पडतो.

ऑगस्टस राजाची ‘एआर’ (ऑगस्टस रेक्स; रेक्स म्हणजे राजा) ही आद्याक्षरं दिसली तर हुरळून जाऊ नका. १९ व्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फजोनच्या भांडी रंगवणाऱ्या कार्यशाळेने ती आपल्या मालावर सर्रास वापरली. प्रकरण कोर्टात गेलं.

तलवारींवर आडवे चरे असतील तर तो माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला, किंवा न रंगवता विकलेला आणि बाहेर कुणीतरी रंगवलेला. विक्रेत्याने चऱ्यांचा विषय काढला नाही, तर तुम्ही काढा, मग भावाचं बोला.