गाडीला लिफ्ट आणि मोठे टायर: कोकणात या चुका टाळा

‘गाडी उंच करायची आहे’ असं म्हणत गॅरेजला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एक गोष्ट तपासलेली नसते: आपली गाडी खाली नेमकी कुठे घासते?

जिम्नी किंवा जुनी जिप्सी घ्या. पुढे-मागे दोन्हीकडे डावं-उजवं चाक जोडणारा एकसंध, सरळ अ‍ॅक्सल. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याचा दगड वर आलेला असतो, तो लागतो अ‍ॅक्सलवर फुगलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला. लिफ्ट किटने चासी आणि बॉडी वर जाते, गोळा मात्र होता तिथेच राहतो. त्याला वर उचलतो फक्त टायर, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ मिमी. म्हणजे गोळ्याखाली मिळाले जेमतेम २० मिमी. लिफ्टचा फायदा वेगळा आहे. शेताच्या बांधावरून उतरताना पोट टेकत नाही, जंगलजेटीच्या (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या) उतरंडीवर बंपर घासत नाही आणि मोठ्या टायरला फिरायला जागा मिळते. म्हणून आधी रस्ता बघा, त्यावरून टायर ठरवा आणि त्या टायरला लागेल तेवढीच लिफ्ट घ्या. आपल्याकडे बरेच जण नेमकं उलट करतात. तीन इंचांचं किट आधी घेतात आणि मग ते शोभावं म्हणून टायर शोधतात.

टायर निवडताना

पावसाळ्यात आपली गाडी सगळ्यात जास्त कुठे चालते? ओल्या डांबरावर. कुंभार्ली, आंबोली, फोंडा, कुठलाही घाट घ्या. मड-टेरेन टायरचे मोठमोठे गट्टू चिखलात छान काम करतात, पण त्यांच्यावर बारीक चिरा कमी असतात आणि ओल्या डांबरावर पकड त्या चिराच देतात. जुलैत घाट उतरताना मूळ टायरवर थांबली असती ती गाडी अशा टायरवर थोडी पुढे जाऊन थांबते, आणि वळणावर तेवढं थोडंही फार असतं. रोज कामाला जाणाऱ्या गाडीला डांबर आणि चिखल दोन्हीला चालणारा चांगला ऑल-टेरेन टायर पुरतो, असं माझं ठाम मत आहे.

रुंदीचा मोहही आवरा. आपल्या वाडीतल्या वाटेवर वर चार बोटं लाल चिखल आणि खाली कठीण जांभा असतो. अरुंद टायर चिखल कापून जांभ्यापर्यंत पोचतो, रुंद टायर वरच घसरत राहतो. शेवाळलेल्या कातळावर तर उंची काहीच कामाची नाही, तिथे हवा थोडी कमी करून सावकाश चालवणंच उपयोगाचं.

व्यास वाढला की गिअर जड होतात. वरच्या उदाहरणात फरक जवळजवळ सहा टक्क्यांचा आहे. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा साडेतीन किलोमीटर जास्त वेगात असेल. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जाणारी गाडी पहिला मागेल, माणसं भरलेली असली तर क्लचचा वास येईल, आणि ब्रेकवरचा भारही वाढेल.

टायर घासतो का, हे अंगणात बघू नका

सपाट जागेत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून ‘घासत नाही’ असा निर्वाळा देतात. खरी तपासणी वेगळी असते. एक पुढचं चाक बांधावर किंवा रचलेल्या चिऱ्यांवर चढवा, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबेल. टायरच्या खांद्याला ओला चुना फासा, स्टिअरिंग टोकापर्यंत दोन्हीकडे वळवा आणि उतरून मडगार्डच्या आत हात घालून बघा. जिथे पांढरं उमटलं तिथे घासतंय. त्याच वेळी दुसरं, लोंबकळणारं चाकही बघा. त्याचा ब्रेकचा होज ताणला गेला असेल तर लांब होज बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

लिफ्टनंतर गाडी भरकटते

हे माझ्याच गाडीत झालं. जुनी पाट्यांच्या स्प्रिंगची जीप, शहरातल्या एका गॅरेजने पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) टाकून उंच करून दिली. दिसायला देखणी. कुंभार्लीच्या पहिल्याच मोठ्या वळणावर लक्षात आलं की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. हाताने ओढून आणावं लागत होतं, आणि सरळ रस्त्यावर गाडी सारखी इकडून तिकडे सरकत होती. मुलं मागे बसलेली. त्या दिवशी घाट कसा उतरलो ते अजून विसरलेलो नाही.

गावच्या मेस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “दादा, पुढचं शॅकल लांब केलंत, त्याने अ‍ॅक्सल पुढे झुकला. कॅस्टर गेला.” कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगला आपोआप सरळ आणणारा कल. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं अशा गाड्यांत हे हमखास होतं. त्यांनी पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये तिरकी पाचर बसवली, नवे यू-बोल्ट आवळले आणि अलाइनमेंट करून आणायला सांगितलं. स्टिअरिंग पुन्हा स्वतःहून सरळ येऊ लागलं.

जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत लिफ्टनंतर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, त्यासाठी त्याला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड जुळवून घ्यावा लागतो. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागलं तर आधी टायरचं बॅलन्सिंग, मग पॅनहार्ड रॉडचे बुश आणि टाय रॉडचे एंड बघा. गाडीखालून घरघर येत असेल तर गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडलेला असू शकतो. नव्या थारसारख्या गाडीत पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असतं, तिथे जास्त उंची दिली की चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे (सीव्ही जॉइंट) तिरके चालतात, रबरी बूट फाटतो आणि आपली लाल माती आत जाते. हेडलाइट खाली करून घ्यायला विसरू नका, समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तुमचा उजेड जातो.

साकवावरचं पाणी

उंच झाली म्हणून गाडी वाहत्या पाण्यात घालू नका. सरळ अ‍ॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र, लिफ्टने वर जात नाही. तापलेला गोळा गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. मग तेल चहासारखं दुधाळ होतं. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्या. आणि साकवावर पाणी जोरात वाहत असेल तर ते उतरेपर्यंत थांबा.

वाळूवर तर गाडी नेऊच नका. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, आणि घरटं कुठे आहे ते गाडीतून दिसत नाही. शिवाय खारं पाणी नवे बोल्ट आणि बुशच्या नळ्या गंजवून घट्ट धरून ठेवतं. बसवतानाच सगळ्यांना ग्रीस लावून घ्या, खालून गोड्या पाण्याने धूत जा आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळून घ्या.

कायद्याची बाजूही आधीच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली. खर्च करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारा.

टायर घेताना पाच घ्या. जुनी छोटी स्टेपनी एका चाकाला लावून फोर-बाय-फोर चालवली तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. आणि गाडीसोबत आलेला जॅक आता पुरतो का, ते घरी एकदा चाक उचलून बघा. पुरत नसेल तर जांभ्याऐवजी जाड लाकडी फळी गाडीतच ठेवा, कारण जांभा भाराखाली फुटतो.