अमेरिकेच्या फौजेत जायचंय? आधी ओसीआयचं बघा

पुण्याहून अमेरिकेत एमएसला येणाऱ्यांत दरवर्षी एखादा तरी असा निघतोच, की ज्याचं लहानपण खडकवासल्याच्या एनडीएकडे, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीकडे, बघण्यात गेलंय. एनसीसीचं सी सर्टिफिकेट गाठीला, एसएसबीत, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या चाचणीत, कॉन्फरन्स आउट, अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर. इथे करिअर फेअरमध्ये आर्मीचं टेबल दिसलं की पाय तिकडे वळतात. रिक्रूटर गोड बोलतो, पाण्याची बाटली देतो, पुलअप्स मारायला लावतो. मग रात्री मला फोन: "काका, सिटिझन नसताना जाता येतं का?"

येतं, पण ग्रीन कार्ड हातात असेल तरच. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर नाही, ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायची मुदत) नाही, एच-1बी (नोकरीचा व्हिसा) वर नाही. कोथरूडच्या कुणाच्या तरी भाच्याचं उदाहरण मला सांगू नका. तो मावनी योजनेतून गेला असेल. 2008 साली जाहीर झालेल्या त्या योजनेत डॉक्टर-नर्स आणि ठरावीक भाषा येणाऱ्यांना व्हिसावरही घेत. 2016 पासून नव्यांना ती बंद आहे. आणि आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग पाहता, नंबर लागेपर्यंत बहुतेकांची हौस फिटते. लग्नामुळे वगैरे ज्यांना लवकर मिळतं, त्यांनी पुढचं नीट वाचा.

त्याआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी. रिक्रूटरचा फॉर्म असो, नोकरीचा आय-9 असो, की लायसन्स काढताना पुढे सरकवलेला मतदार नोंदणीचा कागद असो, 'यूएस सिटिझन'च्या चौकोनात खूण करायची नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा म्हणजे देशाबाहेर जायची पाळी, आणि त्याला माफी जवळपास नाहीच. पुढे अमेरिकन मुलीशी लग्न केलंत तरी तो डाग पुसत नाही. आपली मुलं फॉर्म न वाचता भरतात, म्हणून पुन्हा सांगतो: खूण करायची नाही.

ग्रीन कार्डावर भरती होते ती जवान म्हणून. ऑफिसर व्हायला नागरिकत्व लागतं, गुप्त माहितीशी संबंध असलेल्या कामांनाही लागतं. म्हणजे कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस केलेला मुलगा ट्रकच्या इंजिनाखाली किंवा सामानाच्या गोदामात. कामात कमीपणा काही नाही, पण आईला सदाशिव पेठेत 'मुलगा ऑफिसर झाला' म्हणून पेढे वाटू देऊ नका.

नागरिकत्व मात्र लवकर मिळू शकतं. 11 सप्टेंबर 2001 पासूनचा काळ कायद्याने युद्धकाळात धरलाय, त्यामुळे पाच वर्षं राहण्याची अट नाही, अर्जाला फी नाही. पण पाच वर्षांची चांगली सेवा व्हायच्या आत बेअब्रू होऊन बाहेर पडलात, तर दिलेलं परत काढून घेता येतं.

आता खरी मेख. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंत की आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारताचं संपलं. बाकीचे लगेच ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय ये-जा करू देणारं भारत सरकारचं कार्ड, काढतात आणि पुण्याला येत-जात राहतात. तुम्हाला ते मिळणार नाही. परदेशी लष्करात नोकरीत असलेले किंवा तिथून निवृत्त झालेले ओसीआयला पात्र नाहीत, असा भारत सरकारचा स्पष्ट नियम आहे. रिक्रूटर हे सांगत नाही, त्याला ओसीआय कशाशी खातात हेच माहीत नसतं. सहकारनगरचा एक मुलगा चार वर्षं मेकॅनिक होता, बंदूक फक्त सरावात धरलेली. ओसीआयचा अर्ज नामंजूर. वडिलांची बायपास ठरली तेव्हा बाकीची भावंडं तिकिटं काढत होती आणि हा व्हिसाच्या फॉर्मवर 'लष्करात होता का, हुद्दा काय, नेमणूक कुठे' हे रकाने भरत बसला होता. आई-वडील पुण्यात एकटे असतील तर सही करण्याआधी त्यांच्याशी हे बोला. भरती होताना मिळणाऱ्या बोनसबद्दल त्यानंतर बोला.

इथे जन्मलेल्या नातवाला एनडीएत घालायची स्वप्नं बघणारे आजोबाही भेटतात. तिथे नेपाळी नागरिकाला अर्ज करता येतो, ओसीआयवाल्याला नाही.

'परदेशी सैन्यात मदतनीस, बंदूक धरायची नाही' म्हणणारा एजंट भेटला तर उठून चालू लागा. रशियात अशी भारतीय मुलं थेट आघाडीवर गेली आहेत.

राहिलं सिलेक्टिव्ह सर्व्हिस, म्हणजे गरज पडली तर सैन्यात बोलावता यावं म्हणून ठेवलेली सरकारी यादी. 18 ते 25 वयाच्या ग्रीन कार्डधारक मुलग्यांची तिथे नोंद लागते, वैध एफ-1 किंवा एच-1बी वर असलेल्यांची नाही. ही नोंद म्हणजे सक्तीची भरती नव्हे, सक्तीची भरती 1973 मध्येच थांबली. नोंदीचं पत्र मात्र जपून ठेवा, नागरिकत्वाच्या अर्जावर विचारतात.