घरात मांजरं असताना नवी मांजर आणायची तर

नव्या मांजरीला थेट हॉलमध्ये सोडू नका. पार्किंगमधून उचलून आणलेली आमची चिंगी आधी बेडरूममध्येच राहिली. तिथे तिचं पाणी, तिचा लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे), आणि लपायला कडेला भोक पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. असं किमान 10 ते 14 दिवस वेगळं ठेवाच. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू भांड्यांवरून, कपड्यांवरून, चपलांवरूनही पसरतो आणि पिल्लांच्या जिवावर उठतो. डॉक्टरांकडून एफआयव्ही आणि एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारे विषाणू) यांची तपासणी, जंत-पिसवांचं औषध आणि लसीकरण करून घ्या. जुन्या मांजरांच्या लसी राहिल्यात का, तेही बघा.

मग वासाची ओळख. स्वच्छ सुती मोजा नवीच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि जुन्यांच्या ताटलीपासून थोडा लांब ठेवा. आमचा बोक्या मोज्यावर फिस्कारला, म्हणून मी तो आणखी मागे सरकवला आणि रोज वीतभर पुढे आणत गेले. जुन्यांच्या वासाचा मोजा चिंगीकडे. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण; सगळी निवांत खायला लागली की मगच फटीतून दर्शन, तेही दोन-चार मिनिटं.

थोडं फिस्कारणं चालतं, मला त्याची काळजी वाटत नाही. एकटक रोखून बघणं, कान मागे पाडून दबा धरणं दिसलं की लगेच मध्ये पुठ्ठा सरकवा. भांडणात हात कधीही घालू नका. लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.