थर्मोडायनॅमिक्सचं प्रकरण उघडण्याआधी

पुस्तकाआधी अभ्यासक्रम हातात घ्या. कॉलेज अमरावती, नागपूर, गोंडवाना यांपैकी ज्या विद्यापीठाचं असेल त्याचा, आणि यंदाचाच; सीनिअरनं दिलेली झेरॉक्स जुन्या पॅटर्नची निघू शकते. भौतिक रसायनशास्त्राचं हजारेक पानांचं पुस्तक बीएस्सीच्या एका सेमिस्टरपुरतं लिहिलेलं नसतं. युनिटमधला एकेक मुद्दा पुस्तकाच्या शेवटच्या विषयसूचीत शोधा आणि पान क्रमांक वहीत टिपा. तासाभराचं हे काम न करता पहिल्या पानापासून वाचत सुटलेली मुलं परीक्षेला नसलेल्या भागातच थकतात.

सामान थोडंच लागतं: २०० पानी वही, लॉग टेबल, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पेन्सिल आणि चार्ज केलेला दिवा. पुस्तक मोबाइलवर असेल तर लागणारी पानं आधीच डाउनलोड करा, सूत्रं आणि तक्ते कागदावर उतरवा. लाईन गेली आणि बॅटरी उतरली तरी कागद हाताशी राहतो.

दहावीपर्यंत मराठीतून शिकला असाल तर वहीची शेवटची चार पानं शब्दांसाठी ठेवा. तीन रकाने आखा: पुस्तकातला शब्द, शाळेतला मराठी शब्द, आणि त्याचा अर्थ एककासह. बेस म्हणजे आम्लारी, रिडक्शन म्हणजे क्षपण, हे दिसलं की कल्पना ओळखीचीच निघते. अडलंच तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. खरा घात मात्र अवघड शब्द करत नाहीत, सोपे वाटणारे करतात. ‘स्पॉन्टेनियस’ म्हणजे झटपट होणारी अभिक्रिया नव्हे, तर आपणहून होऊ शकणारी. साध्या तापमानाला आणि दाबाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं स्पॉन्टेनियसच आहे, तरी ते कुणाला होताना दिसत नाही. दिशा वेगळी आणि वेग वेगळा. असे शब्द लाल पेनानं लिहा.

आता अधिक-उणे चिन्हं. थर्मोडायनॅमिक्स म्हणजे उष्णता, कार्य आणि ऊर्जेचा हिशोब; त्याच्या पहिल्या नियमाची दोन रूपं पुस्तकांत भेटतात. नव्या पद्धतीत अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य, कारण प्रणालीवर (आपण ज्याचा अभ्यास करतो त्या भागावर, उदाहरणार्थ वायूवर) झालेलं कार्य धन धरतात. जुन्या पुस्तकांत उष्णता वजा कार्य, कारण तिथे प्रणालीनं केलेलं कार्य धन. दोन्ही बरोबर आहेत, पण सूत्र एकातून आणि गणित दुसऱ्यातून घेतलं की उत्तराचं चिन्ह उलटतं. आपलं पुस्तक कोणतं मानतं हे प्रकरणाच्या सुरुवातीच्या पानांतच कळतं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पडताळा सोपा आहे: वायू बाहेरच्या दाबाविरुद्ध पसरला तर नव्या पद्धतीत कार्य ऋण यायलाच हवं.

एककांसाठी वेगळं पान करा. वायू स्थिरांक ८.३१४ जूल प्रति केल्विन प्रति मोल. लिटर आणि अॅटमॉस्फिअरमध्ये तोच ०.०८२१. तापमान नेहमी केल्विनमध्ये: मे महिन्यातले आपल्याकडचे ४५ अंश म्हणजे ३१८. सगळ्यात जास्त गुण जातात ते जूल-किलोजूलच्या गोंधळात. युरियासाठी लागणारा अमोनिया घ्या. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून त्याचे दोन मोल होताना एन्थाल्पीतला (स्थिर दाबाला घेतलेल्या किंवा सोडलेल्या उष्णतेतला) बदल उणे ९२.२ किलोजूल, एन्ट्रॉपीतला (ढोबळमानानं अव्यवस्थेतला) उणे १९८.७ जूल प्रति केल्विन. गिब्ज ऊर्जेतला बदल म्हणजे एन्थाल्पीतला बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल; तो ऋण आला तर अभिक्रिया स्पॉन्टेनियस. २९८ केल्विनला तो काढताना एन्ट्रॉपीला १००० नं भागलं तर उत्तर उणे ३३ किलोजूल, म्हणजे अभिक्रिया अनुकूल. भागायचं राहिलं तर उत्तर ५९ हजारांच्या वर आणि धन, निष्कर्षच उलटा. आकडा इतका अवाढव्य दिसला की आधी एककं तपासा.

कॅल्क्युलेटरवर लॉगची दोन बटणं असतात. सूत्रात २.३०३ असेल तर दहा पायाचा लॉग, नसेल तर नैसर्गिक. हे पाठ हवं.

वाचायला बसाल तेव्हा पहिली २० मिनिटं फक्त मथळे, आकृत्या आणि प्रकरणाखालचे प्रश्न बघा. मग एका बैठकीत चार-पाच पानं, त्याहून जास्त नको. सोडवलेलं उदाहरण हातानं झाकून आधी स्वतः करा. सिद्धता पुस्तक मिटून लिहा आणि प्रत्येक पायरीपुढे तिची अट टिपा. समतापी (तापमान कायम ठेवून होणाऱ्या) प्रसरणाच्या कार्याचं लॉगचं सूत्र फक्त आदर्श वायू आणि प्रतिवर्ती (अगदी हळूहळू होणाऱ्या, उलटवता येणाऱ्या) प्रक्रियेसाठी आहे. बाहेरचा दाब कायम असेल तर दाब गुणिले आकारमानातला बदल, तोही चिन्हासह. अट न लिहिता सूत्र पाठ करणारे नेमके इथेच फसतात.

वेळेचा हिशोब आधीच करा. हिवाळी परीक्षा आणि कापूस वेचणी एकाच सुमारास येतात, त्याआधी सोयाबीनची सोंगणी. घरी वावर असेल तर गणितं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरका आणि वेचणीच्या दिवसांसाठी फक्त उजळणी ठेवा. एसटीत सिद्धता वाचून काही हाती लागत नाही. तिथे शब्दांचे रकाने चालतात.

आठवड्याला तीन शंका वहीत लिहा, पान क्रमांक आणि ओळीसह. ‘प्रकरण समजलं नाही’ म्हटलं तर सरांना सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. ‘या पानावर, तिसऱ्या ओळीत ऋण चिन्ह कुठून आलं?’ विचारलं तर तासाच्या मधल्या पाच मिनिटांतही उत्तर मिळतं.