गळू आलंय की पाय लाल झालाय? आधी पू शोधा

अंगावर काही लाल, दुखरं उठलं की एक हात ते दाबून बघायला जातो आणि दुसरा घरातली कुठलीशी ट्यूब शोधायला. दोन्ही आवरा. आधी एवढंच ठरवा, की आत पू साठलाय का? साठला असेल तर तो बाहेर पडायला हवा. पू नाही, पण लाली पसरतेय, तर प्रतिजैविक लागतं. यात गल्लत झाली की आठवडा फुकट जातो.

पू आहे का, हे कसं ओळखायचं

हात साबणाने धुवा. गाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवा आणि एका बोटाने अगदी हलकं दाबा. दुसऱ्या बोटाखाली पाण्याच्या फुग्यासारखं काही सरकलं, मध्ये पिवळसर तोंड दिसलं, रात्री ठणका लागून झोप उडाली, तर ते गळू. केसाच्या मुळाशी आलं तर केसतोड, नखाच्या कडेला पिकलं तर नखुरडं. मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचं मोठं गळू आलं, तर ती काळपुळी; ती मधुमेहींना जास्त छळते.

या सगळ्यांमागे बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो. ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ओग्स्टन यांनी १८८० मध्ये गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतू दिसले; नाव त्यावरूनच पडलं. साधारण तीनांतल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात तो मुक्कामाला असतो. नाकात गेलेलं बोट खरचटलेल्या जागी लागलं, की त्याचं काम झालं.

गाठ नाही, पण कातडी गरम, ताणलेली, दुखरी आणि लाली कडेने पसरतेय, तर सेल्युलायटिसची, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांत पसरणाऱ्या संसर्गाची, शंका घ्या. यात स्ट्रेप्टोकोकस जंतूचा हात जास्त. तो बहुधा एकाच पायाला होतो. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर कारण अनेकदा वेगळंच निघतं. पायाची बोटं फाकवून बेचक्याही बघा. चिखल्यांनी फुटलेली कातडी हे जंतूंचं नेहमीचं दार आहे.

लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या आल्या तर तो इम्पेटिगो. संसर्गजन्य आहे, पण थोडक्या जागेत असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने बरा होतो.

गळू असेल तर

सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ कापड पिळून १०-१५ मिनिटं शेका, दिवसातून तीन-चारदा. छोटं गळू असं बसतं तरी किंवा आपोआप फुटतं तरी. फुटलं की पू टिपून घ्या, साबण-पाण्याने धुवा, कोरडी पट्टी बांधा. पिळू नका, सुई तर नकोच. पू आत ढकलला जातो. नाक आणि वरच्या ओठावरच्या फोडाला अजिबात हात लावू नका, कारण तिथल्या शिरांचा संबंध थेट कवटीच्या आत पोचतो.

दोन-तीन दिवसांत उतार नसेल किंवा गळू मोठं असेल तर डॉक्टर जागा बधिर करून चीर देतात. ‘नुसत्या गोळ्यांवर भागवा ना’ असं बरेच जण म्हणतात. पण पुवाच्या पिशवीत रक्तवाहिन्या नसतात. औषध आत पोचणार कसं? उलट छोट्या गळवाला चीर दिल्यावर पुष्कळदा गोळ्याही लागत नाहीत. ताप, मधुमेह किंवा भोवती पसरलेली लाली असेल तर देतात.

पायाला फोड आणि जांघेत दुखरी गाठ, म्हणजे अवधाण आलंय. ते दुसरं गळू समजून चोळू नका. मूळ जखम बरी झाली की बहुधा ओसरतं.

लाली पसरत असेल तर

बॉलपेनने लालीच्या कडेवरून रेघ ओढा, शेजारी तारीख-वेळ लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साध्या सेल्युलायटिसला अनेकदा पाच दिवसांच्या गोळ्या पुरतात. योग्य औषध सुरू झाल्यावरही पहिला एखादा दिवस लाली रेघेबाहेर जाऊ शकते. ४८ तासांनंतर मात्र ती मागे हटायला लागायला हवी, नाहीतर परत जा. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. हे फुकटातलं औषध फार थोडे जण नेटाने घेतात. चिखल्यांवर बुरशीनाशक मलम लावा, नाहीतर काही महिन्यांनी तोच पाय, तीच रेघ. घरातलं खाजेचं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. वरून लाली फिकी पडते आणि आत संसर्ग वाढत राहतो.

रात्र जाऊ देऊ नका

दिसतंय त्याच्या मानाने दुखणं भयंकर असेल, कातडी जांभळी-काळी पडली, फोड आले किंवा बधिर झाली, तर तडक मोठं रुग्णालय गाठा. खोल ऊती सडवणारा संसर्ग तासातासाने पसरतो आणि त्याला तातडीची शस्त्रक्रियाच लागते. हुडहुडी भरून ताप, असंबद्ध बोलणं, फोडापासून वर चढणारी लाल रेषा, डोळ्याभोवती सूज येऊन बुबुळ हलवताना दुखणं, यांतलं काहीही असलं तरी थांबायचं नाही.

पुन्हा पुन्हा गळवं येत असतील तर टॉवेल आणि वस्तरा वेगळा करा, नखं कापा, पुवाची तपासणी करून घ्या. आणि रक्तातली साखर तपासा; कित्येकांना आपला मधुमेह पहिल्यांदा गळवामुळेच कळतो.